कॉमिकमधून बाहेर आलेला हात: पॉप व्हिडिओतली गोष्ट कशी वाचायची?

एखाद्या मोठ्या पॉप गायिकेचा नवा व्हिडिओ रात्री यूट्यूबवर येतो आणि सकाळपर्यंत त्याचा 'खरा अर्थ' सांगणाऱ्या व्हिडिओंची रांग लागलेली असते. लाल ड्रेस कशाचं प्रतीक, आरसा का फुटला, शेवटी दार उघडं का राहिलं. तिकडे मास मीडियाच्या वर्गात एक गाणं दिलं जातं आणि त्याला 'नॅरेटिव्ह थिअरी' लावून आणायला सांगतात. मुलं इमानेइतबारे कोष्टक आखतात. डाव्या रकान्यात परदेशी नावं, उजव्या रकान्यात व्हिडिओतले प्रसंग. कोष्टक भरतं, गुण मिळतात. पण व्हिडिओबद्दल आधी माहीत नव्हतं असं काही कळलं का, हे कुणी विचारत नाही.

गोष्ट काय सांगते यापेक्षा ती कशी बांधली आहे हे तपासणाऱ्या अभ्यासाला मराठीत कथनमीमांसा म्हणतात. या अभ्यासातले सिद्धान्त पॉप व्हिडिओला लावता येतात आणि लावावेत, असं माझं मत आहे. फक्त कोष्टकातला जो रकाना काही केल्या भरत नाही, तिथे थांबून जास्त वेळ बघावं. त्या रिकाम्या जागेत बहुतेक वेळा गाणं बसलेलं असतं.

आधी व्हिडिओ बघून घेऊ

नॉर्वेच्या 'आ-हा' या तिघांच्या बँडचं 'टेक ऑन मी' हे गाणं घेऊ. स्टीव्ह बॅरन यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा प्रसिद्ध व्हिडिओ १९८५ सालचा. २०२० मध्ये यूट्यूबवर त्याने एक अब्ज व्ह्यूजचा टप्पा ओलांडला, त्यामुळे तुम्ही तो पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. नसेल तर आधी बघून या.

एका साध्याशा कॅफेत एक मुलगी कॉमिक वाचत बसली आहे. कॉमिकमध्ये मोटारसायकलची शर्यत चालू आहे. शर्यतीतला नायक चौकटीतूनच तिला डोळा मारतो आणि थोड्या वेळाने त्याचा पेन्सिलीने काढलेला हात पानातून बाहेर येतो. ती तो हात धरते आणि आत जाते. आत गेल्यावर तीही रेखाचित्र होते. दोघं एका चौकटीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघतात. चौकटीतून दिसणारा माणूस हाडामांसाचा, बाजूला सरकला की पुन्हा पेन्सिलीचा. इकडे कॅफेतल्या वेट्रेसला वाटतं, ही पोरगी बिल न देताच गेली. ती चिडून कॉमिक चुरगाळते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते. त्याबरोबर शर्यतीतले दोन प्रतिस्पर्धी येऊन ठेपतात, एकाच्या हातात भला मोठा पाना. कागदी भिंतींच्या चक्रव्यूहातून पाठलाग होतो. नायक कागद फाडून तिला बाहेर काढतो, स्वतः मात्र आत अडकतो. ती कॅफेत डब्याशेजारी उगवते, कॉमिक उचलते, घरी पळते, पानं सरळ करते. नायक निपचित पडलेला दिसतो. मग तो उठतो, चौकटीवर धडका देतो आणि तिच्या घराच्या बोळात प्रकटतो. तिथे तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहतो. क्षणात चित्र, क्षणात माणूस. शेवटी माणूस होतो.

या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. खऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचं आणि त्याची एकेक फ्रेम हाताने रेखाटायची. मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या जोडीने सुमारे तीन हजार फ्रेम रेखाटल्या आणि त्याला सोळा आठवडे लागले.

समतोल नेमका कधी बिघडला?

त्स्वेतान तोदोरोव हे मूळचे बल्गेरियाचे, पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेले अभ्यासक. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गोष्टीचा सांगाडा मांडला. सुरुवातीला एक समतोल असतो, काहीतरी घडून तो बिघडतो, बिघाड झाल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं, दुरुस्तीचे प्रयत्न होतात आणि शेवटी नवा समतोल येतो. हा नवा समतोल पहिल्यासारखा दिसला तरी तोच नसतो, यावर त्यांचा भर होता.

आता हे 'टेक ऑन मी'ला लावा. पहिला समतोल सोपा आहे, कॅफेत वाचत बसलेली मुलगी. पण बिघाड कोणता? एक विद्यार्थी म्हणेल, पानातून हात आला तो. दुसरा म्हणेल, वेट्रेसने कॉमिक चुरगाळलं तो. दोघंही पुरावा दाखवू शकतात आणि दोघांच्या हाती वेगवेगळी गोष्ट लागते. हात हा बिघाड मानला तर ही आपल्या जगातून उचलून नेलेल्या मुलीची आणि तिच्या परतण्याची गोष्ट होते. चुरगाळणं हा बिघाड मानला तर कागदावरचं प्रेम हाच खरा समतोल ठरतो आणि बाहेरचं बिलं मागणारं जग त्यावर घाला घालतं. पहिल्या वाचनात मुलगी कॅफेत परतते तिथेच गोष्ट संपायला हवी होती. ती संपत नाही. मुलगी घरी पळते आणि व्हिडिओचा सगळ्यात लक्षात राहणारा भाग त्यानंतर येतो. म्हणून मला दुसरं वाचन जास्त पटतं. शेवटचा समतोल कॅफेतही नाही आणि कॉमिकमध्येही नाही, तो एका तिसऱ्याच जागी, घराच्या बोळात सापडतो.

एवढी चर्चा कोष्टकात 'बिघाड: हात बाहेर येतो' असं लिहून मोकळं झालं असतं तर झालीच नसती.

खलनायक कोण, पानेवाला की वेट्रेस?

रशियन लोककथांचे अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली शंभर रशियन परीकथा तपासल्या. पात्रं बदलतात, पण ती जी कामं करतात ती तीच तीच असतात, असं त्यांना आढळलं. अशी ३१ कार्यं त्यांनी मोजली आणि ती सात प्रकारच्या भूमिकांत वाटली. खलनायक, दाता, सहायक, राजकन्या आणि तिचा बाप, नायकाला कामगिरीवर धाडणारा, स्वतः नायक आणि तोतया नायक.

वर्गात प्रॉप शिकवताना नेहमी एक गोष्ट निसटते. प्रॉपच्या भूमिका ही माणसांची वर्णनं नाहीत, त्या भरायच्या जागा आहेत. एकाच जागेवर दोन पात्रं येऊ शकतात आणि एक पात्र दोन जागा अडवू शकतं. कुणाच्या मनात काय होतं याच्याशी प्रॉपना कर्तव्य नाही. त्या कृतीने गोष्टीत काय घडलं, एवढंच ते बघतात.

हे डोक्यात ठेवलं की वेट्रेस एकदम महत्त्वाची होते. तिच्या मनात वाईट काही नाही. बिल बुडालं म्हणून ती वैतागली आहे आणि तिच्या जागी कुणीही वैतागलं असतं. पण खलनायकाचं मुख्य काम, म्हणजे नायकाच्या जगाला इजा पोचवणं, ते तिच्या हातून होतं. पानेवाले दोघं नंतर येतात आणि फक्त पाठलाग करतात. पाठलाग आणि त्यातून सुटका ही प्रॉपच्या यादीत २१ आणि २२ क्रमांकाची कार्यं आहेत आणि इथे ती अगदी चोख बसतात. ३०वं कार्य मात्र खलनायकाला शिक्षा हे आहे. ती इथे कुणालाच होत नाही. पानेवाले गोष्टीतून नुसतेच गळून पडतात आणि वेट्रेसला आपण काय केलं याचा पत्ताही नसतो.

राजकन्येची जागाही बघा. पूर्वार्धात सुटका मुलीची होते, म्हणजे राजकन्या ती. उत्तरार्धात कैदेत तो आहे आणि वाट बघणारी, पानं सरळ करणारी ती. प्रॉपच्या व्याख्येनुसार राजकन्या म्हणजे 'जिचा शोध घेतला जातो ती व्यक्ती'. तेव्हा शेवटच्या मिनिटात राजकन्येची जागा नायकाने, म्हणजे त्याचं काम करणाऱ्या आ-हाच्या मॉर्टन हार्केट या गायकाने घेतली आहे.

कागद, कातडी आणि वर उगारलेला पाना

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांचं म्हणणं होतं की मिथकं परस्परविरोधी जोड्यांवर उभी असतात, जसं जीवन आणि मृत्यू, निसर्ग आणि संस्कृती, आणि मिथक त्यांच्यात मध्यस्थी शोधत असतं. इथे जोडी उघड आहे, रेषा विरुद्ध कातडी. मध्यस्थीही दिसते, ती दोघांमधली चौकट. जास्त ताणण्यासारखं त्यात काही नाही.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९७० साली बाल्झाक या फ्रेंच लेखकाच्या एका कथेचे ५६१ तुकडे पाडून पाच प्रकारचे संकेत वेगळे काढले. पॉप व्हिडिओला त्यातले दोन पुरतात. कोडं घालून उत्तर लांबवणारा संकेत, उदाहरणार्थ निपचित पडलेला तो जिवंत आहे का? आणि पुढच्या कृतीची चाहूल देणारा संकेत, म्हणजे पाना वर गेला की तो खाली येणार हे आपल्याला कळतं. गोष्ट नसलेल्या, नुसत्या नाचाच्या व्हिडिओतही हा दुसरा संकेत काम करतो. 'ओके गो' या बँडने २००६ साली आठ ट्रेडमिलवर एका सलग शॉटमध्ये नाच केला. त्यात ना नायक ना खलनायक, तरी आपण डोळे हलवत नाही, कारण आता कोण पडणार ही धास्ती असते.

घड्याळ गाण्याच्या हातात

हे सगळे सिद्धान्त परीकथा, मिथकं आणि छापील कथांवरून बांधले गेले. त्या गोष्टींचं घड्याळ सांगणाऱ्याच्या हातात असतं. पॉप व्हिडिओत ते गाण्याच्या हातात असतं. गाणं आधी तयार होतं, त्याची लांबी ठरलेली असते आणि त्याची एक खोड गोष्टीला मुळीच मानवत नाही. धृपद पुन्हा पुन्हा येतं.

गोष्ट पुढे जाते, गाणं फिरून येतं. फ्रेंच अभ्यासक जेरार जनेत यांनी १९७२ साली कथनातल्या काळाचा विचार करताना क्रम आणि कालावधीसोबत वारंवारताही मोजली. एकदा घडलेलं एकदा सांगता येतं, रोज घडणारं 'तो रोज उशिरा यायचा' असं एकदाच सांगता येतं आणि एकदाच घडलेलं अनेकदा सांगता येतं. धृपद या तिसऱ्या जातीचं. तेच मागणं, त्याच शब्दांत, तीनतीनदा. कादंबरीत हे एखाद्या प्रकरणात चालेल, पण व्हिडिओला ते प्रत्येक गाण्यात निस्तरावं लागतं.

आपल्याला हा पेच नवा नाही. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला बुवा आख्यान लावतात. गोष्ट ऐन रंगात आली की थांबून साकी, दिंडी किंवा अभंग घेतात. राजा तिथेच उभा राहतो, टाळ वाजतात, आणि 'पुढे काय झालं' म्हणून कुणी ओरडत नाही. गोष्ट थांबली तरी भाव वाढतोय हे श्रोत्यांना माहीत असतं. 'टेक ऑन मी'त मधूनच तिघं वाद्यं वाजवताना दिसतात तेव्हा असंच होतं. गोष्टीतला शर्यतवीर क्षणभर बाजूला होतो आणि आ-हा बँडचा गायक समोर येतो. प्रॉपच्या सात जागांत 'गाणारा' ही जागाच नाही. कोष्टकातला न भरणारा रकाना मी म्हणतो तो हाच. परीकथेत नायक राजकन्येकडे बघतो, पॉप व्हिडिओत नायकाला आपल्याकडेही बघावं लागतं.

शेवटाकडे धृपद वारंवार येत राहतं तेव्हा बॅरन काय करतात? ते गोष्टीला अशी कृती देतात की जी मुळात पुनरावृत्तीच आहे. नायक बोळात या भिंतीवर आदळतो, त्या भिंतीवर आदळतो, पुन्हा या भिंतीवर. गाण्याचं धृपद खालच्या सुरातून सुरू होतं आणि पायरीपायरीने चढत टिपेच्या कृत्रिम आवाजात पोचतं. गायकाचा आवाज या गाण्यात अडीच सप्तकांहून जास्त अंतर कापतो. एकदा वर पोचून भागत नाही, धृपद संपलं की पुन्हा तळापासून चढायचं. भिंतीवर धडका देणारा माणूस आधीच गाण्यात होता, दिग्दर्शकाने तो दिसेल असं केलं. शब्दांत कॉमिकचा, शर्यतीचा उल्लेखही नाही. गोष्ट शब्दांतून न येता चालीतून आली आहे, असं मी म्हणेन.

उलटा मार्गही आहे. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' २ डिसेंबर १९८३ रोजी आला, दिग्दर्शक जॉन लँडिस. गाणं सहा मिनिटांचं, व्हिडिओ जवळपास चौदा मिनिटांचा. इथे गोष्टीने घड्याळ हिसकावून घेतलं. अंतरे सलग ठेवले, मैत्रिणीला घरी सोडताना नायक ते चालता चालता गातो. धृपद राखून ठेवलं ते मृतांच्या नाचापर्यंत. म्हणजे गोष्टीसाठी गाणं मोडून पुन्हा जुळवलं. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जागा मिळवणारा तो पहिला म्युझिक व्हिडिओ ठरला. आधी लांबी वाढवायला आणि गाण्याची रचना हलवायला परवानगी मिळाली म्हणूनच तो 'चित्रपट' म्हणून मोजला गेला असावा, असं मला वाटतं.

'पण ही तर जाहिरात आहे!'

आहेच. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही संगीत वाहिनी सुरू झाल्यावर व्हिडिओ हे रेकॉर्ड विकण्याचं मुख्य साधन झालं. 'टेक ऑन मी'ची १९८४ची पहिली आवृत्ती नॉर्वेबाहेर फारशी चालली नव्हती. तिचा व्हिडिओ साधा होता, बँड वाजवतोय आणि गातोय. मग निर्माते ॲलन टार्नी यांच्याबरोबर गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं, बॅरन यांचा व्हिडिओ आला आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढच्या वर्षी एमटीव्हीचे सहा पुरस्कार मिळाले. नव्या ध्वनिमुद्रणाचा वाटा किती आणि व्हिडिओचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

पण जाहिरात असल्याने विश्लेषण बाद होत नाही, उलट एक प्रश्न वाढतो. नायक शेवटी कागदावरून हाडामांसात का येतो? गोष्टीच्या तर्काने म्हणाल तर प्रेमामुळे. विक्रीच्या तर्काने म्हणाल तर गायकाचा चेहरा चार मिनिटं पेन्सिलीच्या रेषांत ठेवून चालणार नव्हतं. दोन्ही कारणं एकाच शॉटमध्ये राहतात आणि एकमेकांना अडवत नाहीत.

'दिग्दर्शकाच्या डोक्यात असलं काही नसणार'

बहुतेक नसणारच. ज्या आज्यांनी रशियन परीकथा सांगितल्या त्यांनाही आपण ३१ कार्यं क्रमाने वापरतो आहोत याची कल्पना नव्हती.

मात्र याचा अर्थ कुणीही काहीही म्हणावं असा होत नाही. व्हिडिओचा 'खरा अर्थ' सांगणाऱ्यांची फसगत इथेच होते. यासाठी संरचनावाद्यांची, म्हणजे लेवी-स्त्रोस यांच्यासारख्या गोष्टीची बांधणी तपासणाऱ्यांची, एक साधी कसोटी आहे: एक गोष्ट बदलून बघा. वेट्रेसच्या कपड्यांचा रंग बदलला तर गोष्टीत काय फरक पडतो? काही नाही. मग त्या रंगावर निबंध लिहू नका. कॉमिकच्या जागी टीव्ही ठेवला तर? टीव्ही चुरगाळता येत नाही, फाडून बाहेर पडता येत नाही, घरी नेऊन हाताने सरळ करता येत नाही. अख्खी गोष्ट कोसळते. म्हणजे कागद इथे सजावट नाही, गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

'रशियन परीकथांचे नियम आपल्याला कशाला?'

आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्या ओळखीच्या व्हिडिओवर कसोटी घेऊ. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', साल १९९५, संगीत बिड्डू यांचं. केबल टीव्ही घराघरांत आला त्या काळातलं गाणं. व्हिडिओत एका राजकन्येचं स्वयंवरच मांडलं आहे. देशोदेशीचे उमेदवार येतात, तिला एकही पसंत पडत नाही, आणि शेवटी एका खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो.

प्रॉपच्या क्रमाने नायकाने घर सोडायला हवं, कठीण कामगिरी पार पाडायला हवी, मग लग्न. हा नायक यातलं काहीच करत नाही. तो माल म्हणून घरपोच होतो. शोध घेणारी, नाकारणारी, निवडणारी ती आहे आणि गाणारीही तीच. प्रॉपच्या जागा प्रामाणिकपणे भरल्या तर नायक ठरते अलिशा आणि राजकन्या ठरतो मिलिंद सोमण. याला मी सिद्धान्ताचं अपयश म्हणणार नाही. बाजार १९९१ साली खुला झाला होता आणि दुकानांत परदेशी माल दिसू लागला होता. अशा वेळी वर खोक्यातून येतो आणि त्याची पारख होते ती तो कुठल्या देशाचा यावरून, तेही आयात उमेदवारांना नाकारून. रशियन नियम बसला नाही, म्हणूनच आपलं त्या वर्षांतलं जग नजरेत भरलं.

मग गोष्ट संपली कुठे?

'टेक ऑन मी' बघणाऱ्यांपैकी बरेच जण पुढचा व्हिडिओ बघत नाहीत. 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' हेही १९८५चंच गाणं, दिग्दर्शक पुन्हा बॅरन. त्याच्या सुरुवातीला तेच दोघं रानात भेटतात. त्याचा चेहरा पुन्हा रेषांत बदलू लागतो आणि तो तिला सोडून पळून जातो. मग बँड दिसतो आणि ती मुलगी गोष्टीतून जातेच.

आपण एवढी चर्चा करून मिळवलेला नवा समतोल असा एका मिनिटाच्या आत मोडला जातो. तोदोरोव यांच्या सांगाड्यात याला जागा आहे, कारण कुठलाही समतोल हा पुढच्या बिघाडाची सुरुवात असू शकतो. पण हा बिघाड गोष्टीच्या आतून आलेला नाही. दुसरं गाणं बाजारात आणायचं होतं आणि पहिल्याची आठवण त्याच्या कामी येणार होती. पुढच्या वेळी वर्गात हे गाणं आलं तर 'नवा समतोल' या रकान्यात 'दोघं एकत्र येतात' असं लिहिण्याआधी ते कुठल्या व्हिडिओपुरतं आणि कुठल्या तारखेपर्यंत, तेही लिहावं. परीक्षक गुण कापेल कदाचित.